मूळ प्लेट

सावेडीतल्या आमच्या प्रयोगशाळेत पिपेट तोंडाने ओढायची पद्धत होती, १९९८ सालीसुद्धा. पिपेटला लावायचे रबरी फुगे मागितले की प्रमुख डॉ. थिटे म्हणायचे, आम्ही अशीच कामं केली, मेलो का? त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

आमचं काम यीस्टवर होतं. पेशीतला डीएनए रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. काही प्रथिनं तो सैल करतात, तेव्हाच जनुक वाचलं जातं. आमचं रसायन या प्रथिनांना अडवायचं. मग जनुक जागेवरच राहायचं, पण मिटून. आमच्या यीस्टमध्ये तसं झालं की प्लेटवर पांढऱ्याऐवजी लाल ठिपके उगवायचे.

एके दिवशी पिपेट ओढताना ते रसायन अश्विनीच्या पोटात गेलं. थिटे म्हणाले, चूळ भर आणि काम उरक.

अश्विनी माझ्या हाताखाली होती, श्रीगोंद्याची. डोळे घारे, म्हणून मी तिला मांजर म्हणायचे. तिची आई भीमाबाई पहिल्यांदा दारात आली, तेव्हा तेच घारे डोळे बघून मी तिला ओळखलं होतं.

आठवड्याभरात अश्विनीचे डोळे काळे पडू लागले. आरशासमोर ती हमसून हमसून रडली. मी थिट्यांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. ते म्हणाले, लेन्स घातल्या असतील.

त्याच दुपारी मी फ्रीज उघडला. ज्या प्लेटवरून बाकीचं सगळं यीस्ट वाढवलं होतं, ती मूळ प्लेट लालभडक झाली होती. तिला रसायन कधी लागलंच नव्हतं; लागलं होतं ते तिच्यावरून वाढवलेल्या यीस्टला.

"लेबलं बदललीत तुम्ही," थिटे म्हणाले. लेबल माझ्या अक्षरात होतं. माझं डोकं सणकलं.

तक्रार करायचीच, असं मी ठरवलं. मुलीचे डोळे कसे होते, ते आईच्या डोळ्यांवरून सगळ्यांना दिसलं असतं. मी भीमाबाईंना बोलावून घेतलं.

दारात एक बाई उभी राहिली. मी ओळखलं नाही.

"माधुरीताई, मी भीमाबाई."

डोळे काळेभोर होते.

मी चाचरत विचारलं, अश्विनीचे डोळे घारे होते ना?

"न्हाई वो. आमच्यात घारं कुनीच न्हाई."

मी शेजारी उभ्या अश्विनीकडे वळले. म्हटलं, मांजरे, तू तरी सांग.

तिने आईचा हात धरला.

"मॅडम, मांजर कुणाला म्हणता?"