नऊ सेकंदांचा रस्ता

"नऊ! फक्त नऊ सेकंद!" पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लाल होताच स्टॉपवॉच बंद करत मोजणी ओरडली.

दिसेल ते मोजायची, म्हणून तिचं नाव मोजणी. काल याच सहापदरी रस्त्यात तिचे आजोबा अडकले होते. दोन्हीकडून गाड्या सुसाट, आणि ते मधोमध काठी धरून उभे! रोज पलीकडच्या वाचनालयात जाऊन ते फाटकी पुस्तकं शिवून देत. आज मात्र घराबाहेरच पडले नाहीत. "पाय थकले गं," एवढंच म्हणाले.

"पाय नाही, दिवा थकलाय!" तिचा मित्र चिकट्या म्हणाला. "गेल्या आठवड्यापर्यंत आपण रमतगमत जायचो की!"

"चला कचेरीत!" दुसरा मित्र ढोल गरजला. त्याचा आवाजच तसा होता.

सिग्नलच्या कचेरीत इंजिनिअरसाहेबांनी मानही वर केली नाही. "सोमवारीच तपासणी केलीय. पस्तीस सेकंद आहेत. सुट्टी आहे ना? पळा!"

"पळायला नऊ पुरतात, साहेब. चालायला नाही!" मोजणी म्हणाली.

पण ऐकतो कोण? तिघांनी मग आसपासचे सगळे सिग्नल मोजले. बेकरीजवळच्या बोळाशी ढोल पलीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला... तरी दिवा हिरवाच!

"पस्तीस!" मोजणीचे डोळे चमकले. "अरे, अदलाबदल झालीय! बोळाचे सेकंद रस्त्याला, रस्त्याचे बोळाला!"

तिघं पुन्हा कचेरीत धावले. "यंत्र चुकत नसतं," साहेब हसले.

"मग रस्ता ओलांडून दाखवा," चिकट्या हटेना. "आजोबांच्या चालीनं. पोचलात तर भर चौकात माफी मागू!"

साहेब ऐटीत आले. चौकातले हवालदारकाका शिट्टी घेऊन सज्ज होते. दिवा हिरवा झाला. एक पाऊल, दोन पावलं... नवव्या पावलाला लाल! हॉर्नचा एकच गलका! साहेबांनी धूम ठोकली.

"धावायचं नाही, साहेब!" ढोल गरजला. "आजोबांना धावता येत नाही!"

हवालदारकाकांनी शिट्टी फुंकून गाड्या रोखल्या. साहेब घामाघूम होऊन परतले. त्यांनी सिग्नलची पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला.

"खरंच अदलाबदल झालीय. चूक माझीच. शाबास, पोरांनो! मी कागद पाहिला, तुम्ही रस्ता पाहिलात."

साहेबांनी लगेच दोन्हीकडचे सेकंद जागच्या जागी लावले. दुसऱ्या दिवशी आजोबा निघाले. रस्त्याच्या मधोमध मुद्दाम थांबले आणि सावकाश चष्मा पुसू लागले. गाड्या खोळंबलेल्या.

"आजोबा, चला ना! चोवीस सेकंद झाले!" स्टॉपवॉच बघत मोजणी म्हणाली.

"थांबू देत त्यांना," आजोबा म्हणाले. "अजून अकरा सेकंद माझे आहेत!"