भोईरांच्या हॉलमधली बारा फुटी टाकी

"पाय काढा!"

हे मी हितेशला बोललेले पहिले शब्द.

कशेळीच्या काळूराम भोईरांच्या बंगल्यात, पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मी गुडघ्यांवर बसून फरशीवर खडूने बीमची रेघ मारत होते, आणि कुणाच्या तरी चपला नेमक्या त्या रेघेवर येऊन थांबल्या. मी वर पाहिलं... खांद्यावर कागदाची लांब गुंडाळी, बोटांवर काचेचे बारीक चरे, आणि डोळ्यांत हसू.

"सॉरी. मी टाकीवाला. तुम्ही?"

"टाकी खाली कोसळू नये म्हणून आलेली."

साल होतं २००६. भोईरांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली होती, नवा बंगला झाला होता, आणि आता काळूरामकाकांना घरात माशांची टाकी हवी होती. बारा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. घराला एवढं वजन झेपेल का, ते बघायला माझ्या इंजिनिअर सरांनी मला पाठवलं होतं. हितेश तरेचं अंजूरफाट्याला टाक्यांचं दुकान होतं. सहा फुटांपेक्षा मोठी टाकी त्याने आजवर बांधली नव्हती.

"हॉलच्या मधोमध ठेवू या," तो म्हणाला. "मासे दोन्ही बाजूंनी दिसतील."

"मधोमध खाली नुसता स्लॅब आहे. पाणीच तीन टन. काच, दगड, स्टँड धरून चार. भिंतीलगत ठेवा. तिथे खाली बीम आहे, बीमच्या दोन्ही टोकांना कॉलम."

"तिथे खिडकीतून ऊन येतं. काचेवर शेवाळ धरेल."

"शेवाळ पुसता येतं."

"तुम्ही नेहमी अशाच बोलता?"

"स्लॅबच्या बाबतीत."

"आणि बाकीच्या बाबतीत?"

मी टेप गुंडाळली. कान का तापले होते, कोण जाणे...

टाकी भिंतीलगतच ठेवायचं ठरलं. पुढचे तीन आठवडे तो हॉलमध्येच काचा जोडत होता. स्टँडचं लोखंडी काम तपासायला मी जायची. काचांच्या कडेने सिलिकॉनची रेघ ओढताना तो श्वास रोखून धरायचा, आणि नकळत मीही.

"आता आठवडाभर हात लावायचा नाही," तो एकदा म्हणाला. "काही जोड घाई केली की गळतात."

हे तो काचेकडे बघून म्हणाला नव्हता.

मग मला दुसऱ्या साइटवर जावं लागलं. परत कशेळीला गेले ती थेट काकांच्या मुलीच्या, उन्नतीच्या साखरपुड्याला. सकाळचे दहा वाजले होते. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात काकांच्या आई, रंगूबाई, वडे तळत होत्या. भोवती पाच-सहा बायका.

"पोरी, कोठीचं दार जरा ढकल गो," रंगूबाई म्हणाल्या. "सकाळपासून घट्ट बसलंय. हलतच न्हाय."

मी ढकललं. खरंच हलेना. चौकटीवर वरून काहीतरी दाबत होतं. मी मान वर केली... छताच्या गिलाव्यात, अगदी मधोमध, केसाएवढी चीर.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. हॉलच्या मध्यावर टाकी उभी होती. पाऊण भरलेली. पाइप अजून चालू होता, आणि तो हितेशच्या हातात होता.

"बंद करा!"

त्याने माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पाणी बंद केलं.

"मीच मधे मांडायला सांगितली," काका म्हणाले. "अर्ध्या तासात गणेशपुरीची सोयरी येतील. आता टाकी रिकामी केली तर माझी काय इज्जत राहील?"

"काका, खाली छताला चीर पडलीय. तुमची आई तिच्याखाली वडे तळतेय."

काकांचा चेहरा उतरला. ते धावत खाली गेले.

"मला फोन का नाही केलात?" मी हितेशला विचारलं.

"तुम्ही नाही म्हणाला असतात..." तो म्हणाला. "आणि मलाही ती मधेच हवी होती." मग एकदम म्हणाला, "काच फोडतो!"

"नको! सगळं पाणी एकदम स्लॅबवर येईल. पाइप लाव, गॅलरीतून बाहेर सोड. वर एकच माणूस थांबेल."

"मी थांबतो. तुम्ही जा."

"फोन चालू ठेव."

बायका मागच्या दाराने अंगणात आल्या होत्या. मी खिडकीबाहेर उभी राहून, फोन कानाला लावून, त्या चिरेकडे पाहत होते. वरच्या गॅलरीतून तीन पाइपांच्या धारा जास्वंदीवर पडत होत्या.

"किती?"

"चोवीस इंच."

चीर लांबत होती. गिलाव्याचा पापुद्रा सुटला आणि थेट वड्यांच्या परातीत पडला.

"हितेश, तू खाली ये! आत्ता!"

"एक पाइप निसटतोय, धरून ठेवावा लागतोय." मग पाण्याच्या आवाजातून म्हणाला, "क्षितिजा... तू मला 'तू' म्हणालीस."

"गप्प. इंच सांग."

"एकोणीस." मग हळूच, "काहीतरी बोलत राहा. मला भीती वाटतेय."

खरं तेवढंच तोंडात आलं. "स्टँड तपासायला मला एकदाच यायचं होतं... मी चार वेळा आले."

"माहितीय," तो म्हणाला. "मी मोजत होतो."

चौदा इंच. दहा. सहा... चीर थांबली होती. मी "ये" म्हटलं.

तो उतरला तेव्हा कोपरापर्यंत भिजलेला होता. काकांनी माझ्यापुढे हात जोडले. "चूक माझी हाय, पोरी."

"मांडली मी," हितेश म्हणाला. "चूक माझीच."

साखरपुडा अंगणातल्या मांडवात झाला. मी त्याच्याशी एक शब्दही न बोलता निघून आले. फोनवर बोलले ते खरं होतं, पण रागही तितकाच खरा होता. रंगूबाईंचे पांढरे केस, ती कढई, आणि वर ते पाणी... डोळे मिटले की तेच दिसायचं.

नंतर सरांनी स्लॅबला आधार दिला. टाकी तळमजल्यावर, स्वतंत्र पायावर बसली. ते काम मी दुसऱ्यावर सोपवलं.

दोन महिन्यांनी हितेश ऑफिसात आला. माझ्यासमोर एक नकाशा उलगडला. पूर्णा गावातल्या एका घरातली टाकी, नऊ फुटी. कुठे ठेवायची, ती जागा मोकळी सोडली होती.

"काच अजून कापलेली नाही," तो म्हणाला. "आधी तुला विचारायला आलो."

मी बीम शोधला, जागा आखली. तो उठला नाही.

"अजून एक विचारायचंय. तेही आधीच विचारतोय. नाही म्हणालीस तरी..." तो थांबला. "लग्नाचं."

बाहेर ट्रकांचे भोंगे चालू होते. मी पेन्सिल खाली ठेवली. या वेळी त्याने खरंच आधी विचारलं होतं.

"रविवारी घरी ये. आईला विचार."

"आणि तू?"

"तिला सांग, क्षितिजाने हो म्हटलंय."