दोन ते तीन, सावकाश पट्टा

१९६२ च्या मे महिन्यात मला अकोल्याहून अमरावतीला पाठवलं, ते एका पंपाच्या वेळा ठरवून द्यायला. तिथल्या कॅम्प भागातल्या मुलींच्या एका शाळेनं मागच्या आवारात पोहण्याचा तलाव बांधला होता. पंप तलावातलं पाणी ओढायचा, वाळूच्या टाकीतून गाळायचा आणि परत तलावात सोडायचा. मोटरच्या आसावर तीन मापांच्या पुल्या होत्या. पट्टा मोठीवर चढवला की सगळं पाणी आठ तासांत एकदा फिरे, लहानीवर चढवला की एकोणीस तासांत. किती तास कुठल्या पुलीवर चालवायचा, याचा तक्ता मला करायचा होता.

माझ्या मुलीला, कुंदाला, मी सोबत आणलं होतं. ती नऊ वर्षांची. तिसऱ्या वर्षी ताप येऊन तिचा डावा पाय वाळला होता, आणि डॉक्टर म्हणाले होते की पाय पाण्यात हलू द्या. तिची आई सिंधू बाळंतपणासाठी बार्शीटाकळीला माहेरी होती. इतर मुलींसमोर कुंदा पाय दाखवायची नाही, म्हणून मुख्याध्यापिका विमलताईंनी आमच्यासाठी दुपारी दोन ते तीन तलाव मोकळा ठेवला.

पंप दाऊदमियाँ सांभाळत. पन्नाशीचा माणूस, आधी जिनिंग फॅक्टरीत होता. मी तक्ता मांडू लागलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, बाकी काईबी करा. दोन ते तीन पट्टा लहान पुलीवर राहू द्या."

"काहून?"

"त्या टायमाले पाण्याले जोर चालत नाई."

मी हसलो, पण करून पाहिलं. खोल बाजूला तळाशी एक पांढरी चिनी मातीची बशी सोडली आणि रोज सकाळी काठावरून पाहू लागलो. दिवसभर जोरात पंप चालवला की बशी धुरकट दिसे. तो एक तास सावकाश ठेवला की तिच्यावरची निळी वेल मोजता येई. चार वेळा अदलाबदल केली, चारही वेळा तेच. एका तासानं एवढा फरक पडत नाही. मी वहीत लिहून ठेवलं, कारणाची जागा कोरी सोडली.

कुंदा पहिले चार दिवस काठाची दांडी सोडेना. मला पोहता येत नव्हतं. मी पायरीवर बसून तिच्या कमरेला बांधलेला पंचा धरून असे. पाचव्या दिवशी पट्टा घसरला आणि दाऊदमियाँनी हाक मारली. मी पंचा सोडून तिला म्हणालो, "दांडी सोडू नको हं."

परत आलो तर ती तलावाच्या मधोमध उताणी पडली होती. डोळे मिटलेले, दोन्ही पाय सैल. पाणी तिच्या कानांना लागून संथ. ती तशीच हळूहळू माझ्याकडे आली.

"भीती नाही वाटली तुले?"

"बाईंनी धरलं होतं न."

"कोण बाई?"

"पाठीखाली हात ठेवतात. बोलत नाहीत." मग ती म्हणाली, "पायालेही धरतात. दुखत नाही."

दाऊदमियाँना विचारलं तेव्हा ते पट्ट्याला मेण चोळत होते. "पयल्या दिवसापासून आहे. मी पाह्यलं नाई कोनाले. या टायमाले या काठापासून त्या काठालोक पाण्यावर एक रेघ जाते, परत येते. बस."

"इथं कुणी बुडालं होतं का?"

"कोन बुडन? तलाव नवा हाय. आंधी इथं तूर होती."

कुंदा त्या पाण्यात रोज थोडी लांब जाऊ लागली. डाव्या पायाच्या पोटरीवर मांस धरू लागलं, की मलाच तसं वाटत होतं.

पंधरा जूनला मुलींच्या शर्यती होत्या. आदल्या दिवशी विमलताई म्हणाल्या, "पाणी लवकर फिरवा, पंप दिवसभर जोरात चालू द्या." मी हो म्हटलं. त्यांचं म्हणणं तर होतंच, पण मला पडताळूनही पाहायचं होतं. ही गोष्ट मी सिंधूला कधी सांगितली नाही.

दोन वाजता पट्टा मोठ्या पुलीवरच होता. पाणी नळाशी उसळत होतं. कुंदा पायरीवर थबकली.

"आज रिकामं आहे पाणी," ती म्हणाली.

"तू जा. मी आहे इथं."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. दांडीला पाय लावून ती रोजच्यासारखी मागे पडली, आणि सरळ खाली गेली.

मी उडी मारली. गळ्यापर्यंत पाणी आलं, मग पायाखालचा उतार निसटला.

"दाऊदमियाँ, पंप!"

मोटरचा आवाज खाली खाली येत थांबला.

पाणी शांत झालं.

माझा पाय पुन्हा फरशीला टेकला. कसा, ते मला ठाऊक नाही.

तळाच्या बाजूनं कुंदा वर आली. उताणी, डोळे मिटलेली, हळू. कुणी निजलेलं मूल उचलून आणावं तशी ती पाण्यावरून माझ्यापर्यंत आली आणि माझ्या हातांवर टेकली. मग ती खोकली.

तक्ता मी त्याच संध्याकाळी पुरा केला. दोन ते तीन, सावकाश पट्टा, रोज, अपवाद नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं: वाळूचा थर बसावा म्हणून. विमलताईंनी तो दोनदा वाचला. माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं. सही करताना म्हणाल्या, "असू द्या. मुलीला मात्र आणत जा."

निघण्याच्या दिवशी कुंदा एकटी या काठावरून त्या काठाला गेली. डावा पाय थोडा मागे राहत होता, पण हलत होता. त्या टोकाला पोचल्यावर ती हसली, माझ्याकडे पाहून नाही, आपल्या शेजारी पाहून. ऊन रणरणत होतं. पंप संथ लयीत चालला होता. मी पायरीवर बसलो आणि कोण जाणे का, बाही वर करून हात पाण्यात सोडला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माझी फाकलेली बोटं पाण्याखाली कुणीतरी एकेक करून जुळवली, तळवा जरासा कलता केला, आणि पोहताना ओढतात तसा मागे ओढून दाखवला.