दादाचे चौकोन

पटो न पटो, यात मीठमसाला नाही. मागच्या महिन्यात एका रविवारी भर दुपारी माझ्या थोरल्या भावाच्या खोलीत हे घडलं.

दादा आणि मी कॉम्प्युटरवर नेपोलियनच्या काळातल्या लढायांचा गेम खेळायचो. खुर्ची एकच. चाल झाली की खुर्ची मागे सारून उठायचं. मग दुसरा बसणार, आणि उठलेला त्याच्या पाठीमागे येरझाऱ्या घालणार.

दादाला माझ्या घोडदळाची भारी धास्ती. लांबवर एक घोडा दिसला, की हा सगळ्या पायदळाचे चौकोन करून ठेवणार. चौकोनापुढे घोड्यांचं काही चालत नाही, पण तोफेला ते आयतंच निशाण. मी चिडवायचो, "दादा, घोडे अजून तबेल्यात आहेत." ऐकेल तर शपथ.

शेवटचा डाव अर्धाच राहिला. दवाखान्यात जाताना तो म्हणाला, "चाल माझी आहे. आल्यावर करतो. तू हात लावू नकोस."

तो परत आला नाही.

मी हात लावला नाही. त्या रविवारी वहिनीने बोलावलं. कॉम्प्युटर देऊन टाकायचा होता. निदान तो डाव तरी आपल्याकडे राहावा, म्हणून मी खोलीत गेलो.

खुर्ची मागे सारलेली होती...

डाव उघडला. पडद्यावर चाल माझी होती.

आणि टेकडीवर दादाचं सगळं पायदळ... चौकोनात.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पहिला संशय वहिनीवर. तिला विचारलं, तर ती माझ्याकडेच रोखून बघत राहिली.

"मला काय विचारता, भाऊजी? तुम्हीच येता ना? मी स्वयंपाकघरात असले की खुर्ची सरकते. येऊन बघते तर कोणी नाही. यांची घराची किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

दादाची किल्ली? मी तर समजत होतो, ती तिच्याकडे आहे.

कॉम्प्युटर काही गेला नाही. चालही मी केली नाही. माझ्या तोफा टेकडीवर रोखलेल्या आहेत. एकदा डागल्या की दादा हरला, डाव संपला. तेवढं माझ्याने होत नाही. आणि न डागता चाल केली, तर पुढची त्याची.

काल दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्याला काच बसवत होतो. वहिनीचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"भाऊजी, आत तुम्हीच आहात ना? आज खुर्ची वाजत नाहीये..."

मी हातातली काच खाली ठेवली.

"नुसत्या येरझाऱ्या चालल्यात."