मागची सीट

हसू नका. माझ्या थोरल्या साडूंच्या बाबतीत घडलंय हे.

जुन्या अमेरिकन गाड्या पारखणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक चकचकीत क्रोम बघून भाळायचं आणि साडू गाडीखाली आडवे होऊन गंज शोधायचे. "बडा घर पोकळ वासा" म्हणत बाहेर यायचे.

गेल्या डिसेंबरातली अमावास्या, शनिवार. एका दातांच्या डॉक्टरनं त्यांना गाडी बघायला पाठवलं होतं. लांबीला आगबोट, मागं पंखांसारखी शेपूट. डॉक्टरचा जीवच जडला होता तिच्यावर. पण मालकानं निरोप दिला, रात्रीच या. साडूंना तिथंच खटकलं. अंधारात गाडी दाखवणारा काहीतरी झाकत असतो.

गावाबाहेरचा बंगला, मागे गॅरेज. मालक पन्नाशीचा. "गाडी दादांची, माझ्या वडिलांची. आता मला विकायचीय. लवकर."

साडूंनी टॉर्च काढला. पत्र्यावर लोहचुंबक फिरवलं. गंजलेली भोकं बुजवायला पुटी भरलेली असली की ते चिकटत नाही. सगळीकडे चिकटलं. रंग मूळचा, काचा मूळच्या, इंजिनाचा नंबर जुळणारा. चार दारांची म्हणून भाव थोडा कमी, एवढंच. अशी गाडी लोक जन्मभर शोधतात. आणि हा घाईनं विकतोय?

मागं गेले तर गाडी डाव्या अंगाला कललेली. स्प्रिंग बसली असणार! खाली वाकून पाहिलं. स्प्रिंग ठणठणीत. डिकी उघडली. रिकामी.

"मागं काही जड ठेवलंय का?"

"नाही." मालक दारातच उभा. मघापासून एक पाऊल आत टाकलं नव्हतं त्यानं.

"आत या की."

"इथंच बरा आहे."

साडूंनी मागचं डावं दार उघडलं. सीट दबलेली होती. खोल. हात ठेवला...

ऊबदार.

त्यांनी दार हळूच लावलं.

"तुमचे दादा कुठं असतात?"

"गेले."

"कुठं गेले?"

मालकानं दाराची चौकट धरली.

"कसे गेले?"

मालक त्यांच्याकडे बघतच नव्हता. गाडीकडे बघत होता.

कर्र्...

स्प्रिंग वाजली. गाडीचं डावं अंग वर आलं. सावकाश. सरळ झालं.

दार बंदच होतं.

"उतरले," मालक पुटपुटला. रडत होता की हसत होता, साडूंना आजही सांगता येत नाही.

ते तडक बाहेर पडले. आपल्या गाडीत बसले, घर गाठलं. वाटेत एकदाही मागं पाहिलं नाही. घरी पोचताच डॉक्टरला फोन लावला.

"घेऊ नका."

"का? दोष काय निघाला गाडीत?"

"गाडीत काही नाही."

"मग?"

"आता काही नाही, असं म्हणतोय मी."

डॉक्टर चिडला. पण साडूंचा शब्द मोडायची त्याची छाती झाली नाही. व्यवहार फिसकटला.

साडू रात्रभर जागेच. उजाडल्यावर माझी मेहुणी भाजीला निघाली, गाडीपाशी गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, मागचं सामान कोणी आवरलं?"

साडूंच्या गाडीची मागची सीट म्हणजे अडगळ. जॅक, पाने, तेलकट फडकी, जुने टायर. तिथं कित्येक वर्षांत कोणी बसलेलं नाही.

गाडीला कुलूप होतं. किल्ली साडूंच्या उशाखाली.

आणि ते सगळं सामान नीट एका बाजूला सरकवलेलं. फडक्यांच्या घड्या घातलेल्या. उरलेली सीट पुसून स्वच्छ...

एका माणसापुरती.