डावी वाट

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पण त्या दिवशी मी दिवसभर घरात होते, हे आधीच सांगून ठेवते.

डिसेंबरचा तिसरा शनिवार. अजून महिनाही झालेला नाही. चेन्नईत, अड्यारच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी सकाळी कपडे धुतले, दुपारी झोपले, चार वाजता खालच्या अलमेलू मामींकडे कॉफी प्यायले. मामींना विचारा.

म्हणजे मी डोंगरावर नव्हते.

मी ऋजुता, मूळची नाशिकची. नवरा अनय श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात आहे, म्हणून लग्नानंतर इथे आले. त्याला डोंगर चढायचं वेड. आणि माझ्या आधी त्या वेडात त्याला सोबत होती...

रंजनी.

तंजावरकडची मराठी मुलगी. चेन्नईजवळच्या आवडी गावात शाळेत शिकवायची. आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी डेंग्यूने गेली. "नुसती मैत्रीण होती गं," अनय म्हणायचा. मेलेल्या मुलीवर कोणी जळतं का? मी जळत होते. चांगलीच जळत होते.

कारण त्या दोघांचा तो नकाशा, अनयने अजून जपून ठेवलेला.

आंध्रच्या सीमेकडच्या एका डोंगराला वळसा घालून परत पायथ्याशी येणारी वाट आहे. नाव सांगणार नाही, उगाच कोणी जायचं. सोळा किलोमीटर, एका दिवसात. डावी बाजू जास्त अवघड की उजवी, यावर दोघांची पैज लागली होती. म्हणून त्यांनी ठरवलेलं असं... पायथ्याच्या देवळापासून रंजनी डावीकडून निघणार, अनय उजवीकडून. बाराला पलीकडच्या सपाट खडकावर भेटायचं, डबा खायचा आणि आपापल्या दिशेने पुढे जाऊन फेरी पुरी करायची.

मग ती आजारी पडली. फेरी राहूनच गेली.

"आपण करू," मीच म्हटलं. "डावीकडून मी येते."

अनयने नकाशाची घडी घातली. मग म्हणाला, "तुला जमेल?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नकाशावर पेन्सिलीने तिच्या बारीक नोंदी होत्या, तमिळ अक्षरांत. मला तमिळ वाचता येत नाही. अनयला येतं, तिनेच शिकवलेलं. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणे, "पाण्याच्या जागा वगैरे." वगैरे म्हणजे काय?

रविवारी तो अंघोळीला गेला तेव्हा मी खोडरबर घेऊन सगळ्या नोंदी खोडल्या. एकूण एक.

बुधवारी नकाशा उघडला...

नोंदी परत होत्या.

अनयनेच लिहिल्या असणार, दुसरं कोण? मी नकाशा उचलला आणि तडक मामींकडे गेले. मामी माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलतात, मराठीचा त्यांना गंध नाही. त्यांनी चष्मा लावला. एकेक अक्षर जुळवलं. थांबल्या.

"अय्यो, हे तमिळ नाही मा. अक्षरं तेवढी आमची."

"तरी वाचा ना मामी."

त्या अडखळत वाचू लागल्या.

मामींच्या तोंडून मराठी येत होतं.

"एथं... पाणी आहे. एथं... हळू चाल, तुज्या गुडघ्यास दुखेल. एथं... थोडं बस."

अनयचा गुडघा दुखायला लागला तो गेल्या गणपतीत. तेव्हा रंजनीला जाऊन तीन वर्षं होत आली होती. म्हणजे या नोंदी तिच्या असूच शकत नव्हत्या. मग त्यानेच लिहिल्या? तिच्या तंजावरी बोलीत? तिच्या आठवणीत?

मामींचं बोट कागदाच्या कडेला पोचलं. नोंदी संपल्या.

मामी थांबल्या नाहीत.

बोट टेबलाच्या कोऱ्या लाकडावरून सरकत राहिलं... आणि आता त्या अडखळतही नव्हत्या.

"डावी वाट माझी. तिला घरी ठेव. मी येत्ये."

मग चष्मा काढून त्यांनी सहज विचारलं, "कॉफी घेणार?"

मी घाबरायला हवं होतं. मला संताप आला. रात्री अनयशी कडाडून भांडले. तो शपथा घेत होता, मी काही लिहिलं नाही म्हणून. मी त्याच्यासमोर नकाशा फाडला.

"जा एकटाच. मी येत नाही."

शनिवारी पहाटे तो मोटरसायकल घेऊन खरंच एकटा गेला. मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. नंतर लक्षात आलं, तिला हवं होतं तेच मी केलं.

संध्याकाळी सातला बेल वाजली.

दारात अनय. उन्हाने रापलेला, धुळीने माखलेला... आणि इतका खूश, की लग्नाच्या दिवशीही नव्हता.

"माझ्या आधी पोचलीस? पायथ्याशी किती वाट बघितली तुझी! बसने आलीस का?"

मी बाजूला होऊन त्याला आत घेतलं.

"मला वाटलं, रुसलीस, येत नाहीस. आणि बघतो तर बाराला खडकावर हजर! दोन तास बोलत होतीस, ऋजू. एरवी कधी बोलतेस एवढं?"

ती मी नव्हते, एवढंच सांगायचं होतं. पण त्याचा तो चेहरा... तो आनंद माझ्यामुळे झालाय असं त्याला वाटत होतं. तो मी तिला देऊन टाकायचा?

"हो," मी म्हटलं. "बसने आले."

त्याने सॅकमधून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. "हा घे, तुझा डबा माझ्याकडेच राहिला."

असा डबा आमच्या घरात नाही. झाकणावर नाव कोरलेलं आहे, तमिळ अक्षरांत. मामींना मी तो दाखवलेला नाही. दाखवायची गरजच नाही.

आता अनय म्हणतो, येत्या शनिवारी पुन्हा जाऊ. तसंच. तू डावीकडून, मी उजवीकडून.

आणि मी जाणार आहे. नवरा माझा आहे.

फक्त रोज दुपारी बाराच्या सुमाराला एकच विचार येतो आणि हातातलं काम थांबतं...

त्या खडकावर आम्ही दोघीही असलो, तर ऋजू म्हणून तो कोणाला हाक मारेल?