खुर्चीवाल्याचा पेनड्राइव्ह

शेजारचं बाइंडिंगचं दुकान समजून तो चुकून फोटोच्या दुकानात शिरला. आता आलोच आहोत तर रिकाम्या हाताने कसं जावं, म्हणून खिशातला पेनड्राइव्ह पुढे करत म्हणाला, "एक फोटो... छापून मिळेल?"

काउंटरमागे ती होती. फोटो उघडला, तर खुर्ची. नुसती खुर्ची!

"आणि माणूस कुठाय?"

"माणूस बनवता येत नाही हो. मी खुर्च्या बनवतो," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

तेव्हापासून खुर्चीवाला येतच राहिला. दर खेपेला एकच फोटो. शहाण्या माणसाने सगळे एकदम नसते का आणले? तिला कोडंच पडलं. त्याहून मोठं कोडं तिचं स्वतःचं होतं. त्याचा पेनड्राइव्ह लावला की ती म्हणायची, "अरेच्चा, दिसत नाहीये. परत लावते हं." काढायची, पुसायची, लावायची. "छे, अजून नाही..." पुन्हा काढायची. खरं तर फोटो पहिल्याच खेपेला दिसायचा. मग आपण असं का करतो? तिला खरोखरच कळत नव्हतं.

त्यात संगणकालाही वेड लागलं. खुर्चीवाला येऊन गेला की आतला पंखा घरघरू लागे, माउसचा बाण गोगलगायीसारखा सरके, प्रोसेसरवरच्या ताणाचा आकडा शंभरीला टेके. बंद करून चालू केला की स्वारी पुन्हा शहाणी!

दुकान काकांचं. त्यांनी निकाल देऊन टाकला, "त्याच्या पेनड्राइव्हमध्येच व्हायरस आहे. उद्या आला की सांग, दुसरं दुकान बघ म्हणावं."

तिने मात्र ठरवलं, आधी आपणच तपासून बघायचं.

सकाळी लवकर येऊन तिने दुकानातलाच नवाकोरा पेनड्राइव्ह घेतला. लावला, काढला. लावला, काढला. थोड्या वेळाने... घर्रर्र! पडद्यावर पाहिलं, तर एकच छोटासा प्रोग्रॅम कितीतरी वेळा चालू. आता कुठे उलगडा झाला. पेनड्राइव्ह म्हणजे जणू पाहुणा. पाहुणा आला की घरातलं एक माणूस दाराशी जातं, पाहुणा गेला की परत येतं. इथे पाहुणा गेला तरी माणूस दाराशीच! पुढच्या पाहुण्याला दुसरं माणूस, मग तिसरं. सगळं घर दाराशी उभं, मग आतलं काम करणार कोण?

तेवढ्यात खुर्चीवाला आलाच. काकाही.

"हे बघ बाबा," काकांनी सुरुवात केली, "तुझं हे रोगट यंत्र..."

"काका, थांबा! रोग त्याचा नाही. सारखं लावलं-काढलं की आपलाच संगणक दमतो."

"अगं, पेनड्राइव्ह सगळ्यांचेच लावतेस. मग ह्याच्याच वेळी का?"

"ह्याचा मी... पुन्हा पुन्हा लावते."

"दिसत नाही म्हणून ना?"

"दिसतो."

"मग?"

ती कीबोर्ड पुसायला लागली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि "कागद संपलेत वाटतं" म्हणत आतल्या खोलीत गेले.

"रागावलात?" तिने हळूच विचारलं. "तुमचा किती वेळ घालवला मी..."

त्याने पेनड्राइव्ह तिच्यासमोर धरला. "ह्याला इथे बारीक निळा दिवा आहे. पहिल्याच खेपेला लागतो. उभ्या जागेवरून मला दिसतो."

"म्हणजे... पहिल्यापासून...?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही परत लावला असता?"

तिला हसावं की पळावं कळेना. उगाच काहीतरी करायचं म्हणून तिने पेनड्राइव्ह लावला. आज पडद्यावर दोन खुर्च्या होत्या, एकमेकींना खेटून.

"दोन कशाला?"

"एक माझी. दुसरीवर कोण बसणार, ते... विचारायचं होतं."

तिने मागचं स्टूल ओढून काउंटरच्या त्याच्या बाजूला, अगदी त्याच्याजवळ नेऊन ठेवलं आणि त्यावर बसली.

आतून काकांचा आवाज आला, "काय गं, दिसला का फोटो?"

"नाही हो काका," ती म्हणाली, "परत लावते!"